सामूहिक वनहक्काचा दावा : जंगलाच्या हद्दीची नोंद कशी करावी

1878 च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि जंगल सरकारचे, आपण मात्र त्यात चोरून शिरणारे, ही भावना आदिवासी गावांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजत गेली. 2006 च्या वनहक्क कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय असल्याचे मान्य केले आणि गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्काचा दावा करण्याची वाट दिली. तरीही दावा लिहिताना वनरक्षकाचा धाक आड येतो, म्हणून जंगलाच्या हद्दीची फेरी काढण्यापूर्वी ग्रामसभेत त्याविषयी मोकळेपणाने बोलणे मला अत्यावश्यक वाटते.

या सभेला किमान निम्मे सदस्य हजर असावेत आणि उपस्थितांपैकी एक तृतीयांश महिला असाव्यात. तेथेच दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडावी.

हद्दीच्या फेरीत वडीलधारी माणसे, गुराखी आणि मोहफुले वेचणाऱ्या बाया यांना पुढे चालू द्यावे. जीपीएस यंत्र धरणाऱ्याने मागे राहावे. प्रत्येक नाला, टेकडी आणि देवस्थान यांना गाव ज्या नावाने हाक मारते, तेच नाव नकाशावर लिहावे. फेरी जिथे थांबेल तिथे विचारावे : येथून काय मिळते, कोणत्या महिन्यात, कोणते मोहाचे झाड कोणत्या घराचे, आणि येथे काय करण्यास मनाई आहे? पंडुम, म्हणजे नव्या फळाची पूजा, झाल्याशिवाय नवा आंबा न खाण्याची गोंड गावांतील रीत अशा वेळी सहज सांगितली जाते. ती श्रद्धा म्हणून सोडून न देता सविस्तर लिहून घ्यावी, कारण गाव जंगल वापरते तसेच त्याला आवरही घालते, हे तिच्यातून दिसते. वृद्धांचे लेखी नोंदवलेले जबाब नियमांनुसार पुरावा ठरतात. त्यांच्या जोडीला निस्तारपत्रक (गावाच्या जंगल व सामाईक जमीन वापरण्याच्या हक्कांची सरकारी नोंद) किंवा जुने नकाशे द्यावेत, कारण एकाहून अधिक प्रकारचे पुरावे लागतात.

शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल, तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसावे. पडताळणीची लेखी सूचना वनविभागाला द्यावी.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. गावातील अभ्यासगटांची आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय त्याआधीची होती, ही बाब इतर गावांनी विशेष लक्षात घ्यावी.

ग्रामसभेच्या ठरावासह दावा उपविभागीय समितीकडे देताना पोच घ्यावी. दावा फेटाळला गेल्यास लेखी कारणे मागावीत आणि साठ दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागावी.