प्रिंटआधी फोटो शार्प करताना

‘शार्पनेस पूर्ण वाढव, फोटो क्लिअर येईल,’ असं सांगणारे वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात दोन घरांआड भेटतात. त्यांचं ऐकू नका. हललेला फोटो शार्पनिंगने सावरत नाही. कडेची गडद बाजू जरा आणखी गडद आणि फिकी बाजू जरा आणखी फिकी करायची, एवढंच ते काम. छापताना बारीक कडा मऊ पडतात, मॅट कागदावर शाई पसरते म्हणून तर जास्तच. त्याची आगाऊ भरपाई करायची, बस.

रंग, डाग, क्रॉप आधी उरका. स्कॅन करताना स्कॅनरचं स्वतःचं शार्पनिंग बंद ठेवा.

मग छपाईचा आकार पक्का करा. 8 बाय 10 इंच, 300 डीपीआय (दर इंचाला 300 पिक्सेल) म्हणजे 2400 बाय 3000 पिक्सेल. शार्पनिंग यानंतरच, आधी करून मग फोटो लहान-मोठा केला की सगळी मेहनत पाण्यात.

फोटोशॉपमध्ये लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी घ्या, तिचा ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते) ‘ल्युमिनॉसिटी’ ठेवा, म्हणजे फक्त उजळपणा बदलतो, रंग नाही. नाहीतर लाल काठाला भलत्याच रंगाची किनार येते.

आता अनशार्प मास्क, म्हणजे प्रत्यक्ष शार्प करणारा फिल्टर. इथे मी स्वतः बराच काळ चाचपडलोय, म्हणून जरा सविस्तर. सगळ्यांची नजर ‘अमाउंट’वर (कडेचा फरक किती वाढवायचा) असते, फोटो बिघडवतो तो ‘रेडियस’ (कडेपासून किती पिक्सेलपर्यंत). मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर काढलेला लक्ष्मी विलास पॅलेसचा दर्शनी भाग घ्या. नक्षी बारीक, कडा स्वच्छ. रेडियस 1, अमाउंट 120 ते 150, थ्रेशोल्ड 1-2, काम झालं. (आकडे फोटोशॉपचे. गिंपमध्ये मापं वेगळी, तसेच टाकू नका.)

हेच आकडे आजीच्या जुन्या फोटोच्या स्कॅनवर वापरलेत तर वाट लागेल. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी प्रिंट जाळीदार खरखरीत कागदावर आहेत. फोटो तिरपा धरला की ती जाळी दिसते. रेडियस 1 नेमकी तीच जाळी आणि फिल्मचे दाणे पकडतो, आणि आजीच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसतो. अशा वेळी रेडियस 2 च्या आसपास न्या, अमाउंट 60-80 वर उतरवा आणि थ्रेशोल्ड 6 ते 10 ठेवा. शेजारच्या छटांमधला फरक या आकड्यापेक्षा कमी असेल तिथे फिल्टर हात लावत नाही, म्हणजे गाल आणि मागची भिंत बरीचशी वाचते. पण 15 च्या पुढे गेलात तर एक तुकडा करकरीत, शेजारचा गुळगुळीत, असा ठिगळं लावलेला चेहरा हाती येतो.

तरीही जाळी उठलीच, तर आकड्यांशी झगडत बसू नका. शार्प केलेल्या लेयरला काळा मास्क (तो थर झाकणारा पडदा) लावा आणि पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त डोळे, भुवया, ओठ, नथ आणि लुगड्याचा काठ उघडा. गाल उघडायचे नाहीत. चेहरा ओळखीचा वाटतो तो डोळ्यांमुळे. गाल मऊ राहिले म्हणून आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

पाहायचं कसं? 100 टक्के झूमवर फोटो थोडा कडक दिसायलाच हवा; तिथे देखणा दिसला तर कागदावर मवाळ येणार. अंदाज 50 टक्क्यांवर घ्या. तिथेही केसांच्या कडेने पांढरी रेघ दिसली तर रेडियस कमी करा. ग्लॉसी कागद असेल तर एकूणच हात आखडता.

लॅबला फाइल देताना ‘ऑटो करेक्शन आणि शार्पनिंग बंद ठेवा’ असं तोंडी सांगाच. बरीच मशीनं स्वतःहून आणखी एक हात फिरवतात. मोठी प्रिंट काढायची असेल तर डोळे आणि काठ असलेला तुकडा मूळ मापात कापून 4 बाय 6 वर, त्याच फिनिशच्या कागदावर आधी छापून घ्या. फ्रेमवाल्याकडे जायचं ते त्यानंतर. आणि शार्प न केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा, कारण पुढच्या वर्षी काका तोच फोटो 12 बाय 18 मध्ये मागतील.