उताऱ्याला कुलूप कशाला?

खानापुरात माझं झेरॉक्सचं दुकान. "मेल केलंय बगा, प्रिंट काढा की ओ, बस जातेय," म्हणत गिऱ्हाईक काउंटरवर टेकतं. अनोळखी अटॅचमेंट उघडू नका म्हणे! माझा धंदाच तो.

एकदा फटका बसला. 'उतारा' नावाची झिप आली, पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. उताऱ्याला कुलूप कशाला, हे गडबडीत सुचलं नाही. पासवर्ड असला की जीमेलला आत डोकावता येत नाही. कुलूप असतं ते त्यासाठीच. आत पीडीएफचं लाल चित्र. डबल क्लिक केलं, उघडलं काहीच नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या फाईली लॉक! बॅकअपचा पेनड्राइव्ह मशीनलाच खोचलेला, तोही गेला.

चित्र कुणालाही चिकटवता येतं आणि विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवतं. ते आधी उघडं करा: फाईल एक्सप्लोरर, 'व्ह्यू', विंडोज ११ असेल तर पुढे 'शो', मग 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक. माझ्या त्या पीडीएफच्या मागे 'डॉट ईएक्सई' होतं, म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम. मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' व्हायरसही असाच, दिसायला टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, शेवटी व्हीबीएस म्हणजे प्रोग्रामच. सगळ्यात मागचं शेपूट खरं. ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, आयएसओ दिसलं की मी डिलीट करतो, गिऱ्हाईक कितीही कुरकुरू दे.

आता शक्यतो फाईल डाऊनलोडच करत नाही. जीमेलमध्येच प्रिव्ह्यू उघडतो, तिथूनच प्रिंट देतो. वर्डच्या फाईलीनं 'एनेबल कंटेंट' मागितलं तर दाबत नाही. त्यानं फाईलीत दडवलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे मॅक्रो, चालू होतो आणि साध्या अर्जाला मॅक्रो लागत नाही. २०२२ पासून नवं ऑफिस नेटवरून आलेले मॅक्रो आपणहून अडवतं, पण माझं ऑफिस जुनं. बॅकअपच्या हार्ड डिस्क दोन, आलटून पालटून. काम झालं की काढून घरच्या कपाटात.

चुकून क्लिक झालंच तर पहिल्यांदा नेटची वायर उपटा, वायफाय बंद करा. पेनड्राइव्ह लावू नका. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन.

ओळखीच्या नावावरही जाऊ नका. नंदगडच्या मामांच्या मेलवरून मला 'डिअर सर' आणि एक इनव्हॉइस आलं. मामा जन्मात मला सर म्हणायचे नाहीत. फोन लावला तर म्हणाले, "मी कशाला मेल करू रे, उद्या बाजाराला येतोयच की."