किटच्या सुट्या भागांतून निळा स्लीपर डबा कसा बांधावा

कोल्हापूरला लोहमार्ग संपतो. श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर आलेली गाडी पुढे जात नाही, तिचे डबे बराच वेळ फलाटाला उभे असतात. डब्याचं मॉडेल बांधणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. दाराशेजारच्या दांड्या कुठे वाकतात, पायऱ्या किती, बफरची थाळी केवढी, हे सगळं निवांत पाहता येतं. म्हणून इथे परदेशी डबा न घेता आपल्या ओळखीचा, आयसीएफ पद्धतीचा, एसी नसलेला निळा स्लीपर डबा घेतला आहे.

चेन्नईत पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी (आयसीएफ) १९५५ साली सुरू झाली. स्विस कंपनीच्या सहकार्याने आखलेला हा डबा तिथे २०१८ पर्यंत बनत होता. आता त्याची जागा जर्मन रचनेचे एलएचबी डबे घेत आहेत. निळा डबा रुळावर दिसतो आहे तोवरच तो नीट पाहून, मोजून ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

प्रमाण आणि मापं

आपण एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात काम करू. या प्रमाणातले रूळ, चाकं आणि कपलर (डबे एकमेकांना जोडणारे आकडे) सहज मिळतात. खऱ्या मापाला ८७ ने भागायचं, एवढंच गणित. आयसीएफ डब्याच्या अंगाची लांबी २१,३३७ मि.मी., मॉडेलमध्ये २४५. रुंदी ३,२४५, म्हणजे ३७.३. दोन बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर १४,७८३, म्हणजे १७०. एका बोगीच्या दोन आसांमधलं अंतर २,८९६, म्हणजे ३३.३. चाकाचा व्यास ९१५, म्हणजे बरोबर १०.५ मि.मी. या व्यासाची तयार चाकं बाजारात आहेत. (बोलताना आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. या लेखात बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट.)

किट मागवण्याआधी ही मापं वर्णनाशी ताडून पाहा. काही किटमध्ये डबा मुद्दाम आखूड केलेला असतो, म्हणजे लहान वळणांवरून जातो. दोन खिडक्या कमी झालेल्या स्लीपर डब्याकडे पाहताना डोळ्याला सतत खटकत राहतं, म्हणून मी पूर्ण लांबीच्याच बाजूने आहे. मात्र पूर्ण लांबीच्या डब्याला ऐसपैस वळण लागतं. लांबीच्या तिप्पट, म्हणजे साधारण ७५० मि.मी. त्रिज्या मिळाली तर डबा धावतोही छान आणि दिसतोही छान.

आपला ब्रॉडगेज १,६७६ मि.मी. आहे. १:८७ मध्ये तो १९.३ मि.मी. व्हायला हवा, पण एचओचे तयार रूळ १६.५ मि.मी.चे असतात, कारण ते परदेशी स्टँडर्ड गेजसाठी आखलेले आहेत. सगळे रूळ हाताने घालायची तयारी नसेल तर १६.५ वरच थांबा. बाजूने पाहताना हा फरक जाणवत नाही. कोल्हापूरला १८९१ साली पहिल्यांदा गाडी आली ती मीटरगेजवर. त्या काळातला डबा करायचा असेल तर १२ मि.मी.चे रूळ घ्यावे लागतील, आणि तो वेगळाच प्रकल्प आहे.

आधी वर्ष ठरवा

हे ठरल्याशिवाय एकही भाग चिकटवू नका. डबा १९९० च्या आधीचा दाखवायचा तर रंग विटकरी लाल. निळा रंग नंतरचा. शौचालयाखाली बायो-टॉयलेटच्या पेट्या दाखवायच्या असतील तर डबा २०१० नंतरच्या दशकातला हवा. बायो-टॉयलेटच्या पेट्या लावलेला विटकरी डबा कितीही सुबक केला तरी चुकीचाच.

वर्ष ठरलं की फोटो. फलाटाच्या बाजूने खिडक्या, दारं, अक्षरं मिळतात, पण डब्याचं पोट दिसत नाही. त्यासाठी समोरच्या फलाटावर जा, तिथून डायनॅमो, त्याचा पट्टा, बॅटरीची पेटी, ब्रेकचे सिलिंडर सलग दिसतात. छपरासाठी मिरज जंक्शनचा पादचारी पूल उत्तम. डब्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो हवेतच. एक बाजू दुसरीसारखीच असेल असं धरून चालू नका.

भाग तपासणं आणि हत्यारं

किटमध्ये साधारणपणे दोन बाजू (कोरीव पितळी पत्रा किंवा प्लॅस्टिक), दोन टोकं, छप्पर, तळ, बोग्यांचे भाग आणि किरकोळ तपशिलांची एक पट्टी असते. चाकं आणि कपलर बहुधा वेगळे घ्यावे लागतात. थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं छप्पर वाकलेलं निघालं तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, सपाट काचेवर दाबून थंड होऊ द्या. प्रिंटच्या रेषा ४००, मग ६००, मग ८०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून काढा. ओलं घासल्याने भुकटी उडत नाही. तरीही तोंडाला मास्क हवाच.

हत्यारांसाठी गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सोनारांच्या पेठेत जा. सोनारकामाचे टोकदार चिमटे आणि बारीक कानशींचा संच या कामाला फार उपयोगी पडतात. शिवाय डिजिटल कॅलिपर, छोटा गुण्या, ०.४ आणि ०.५ मि.मी.चे ड्रिल, ते धरायला पिन व्हाइस आणि धारदार पात्याची सुरी एवढं लागेल.

पहिलं काम: बोग्या

बहुतेकांना खिडक्यांची बाजू आधी जोडायचा मोह होतो. तो आवरा. जो डबा रुळावरून घसरतो तो कितीही देखणा असला तरी शेवटी कपाटातच जातो. म्हणून आधी चाकं, मग तळ, मग अंग.

बोगीच्या दोन बाजू आणि मधली पट्टी जोडताना चौकट काचेवर ठेवा आणि गुण्याने तपासा. दोन्ही आस समांतर असलेच पाहिजेत. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा, ते १४.४ मि.मी.च्या आसपास हवं. एक चाक आसावर सरकलेलं असेल तर डबा नेमका पॉइंटवर, म्हणजे रूळ फाटतात तिथे, घसरतो. आस बोटाने फिरवा. तो थोडा वेळ आपोआप फिरत राहिला पाहिजे. अडखळत असेल तर आसाच्या टोकाची भोकं ड्रिलच्या टोकाने हलकेच साफ करा.

बोग्या तळाला बसवताना एक बारकावा आहे. एका बोगीचा स्क्रू असा बसवा की ती डावी-उजवीकडे वळेल, पुढे-मागे थोडी झुलेल, पण कुशीवर कलणार नाही. दुसरीचा स्क्रू थोडा सैल ठेवा, तिला सगळीकडे हलू द्या. मग डबा तीन टेकूंवर उभा राहिल्यासारखा होतो आणि रूळ जरा उंचसखल असले तरी सगळी चाकं टेकलेली राहतात.

आता वजन. एचओ डब्यासाठी अमेरिकी मॉडेल रेल्वेवाल्यांचं प्रचलित सूत्र असं: १ औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपला डबा जवळपास १० इंच, म्हणजे ६ औंस, साधारण १७० ग्रॅम. हे पूर्ण डब्याचं वजन. कोणत्याही टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायच्या चिकट वजनपट्ट्या मिळतात, त्या तळावर दोन्ही बाजूंना सारख्या वाटून लावा. वजन जितकं खाली तितकं चांगलं. अंग चढवायच्या आधीच तळ आणि बोग्या रुळावर ढकलून पाहा. सरळ रूळ, वळण, पॉइंट, सगळीकडे.

अंग जोडणं

बाजू पितळी असेल तर पट्टीतून सोडवल्यावर राहिलेले खुंट कानशीने सपाट करा. वाकवायची जागा अर्धी कोरलेली असते. ती रेघ घडीच्या आतल्या बाजूला ठेवून, लोखंडी पट्टीच्या आधाराने एकाच संथ हालचालीत वाकवा. पुन्हा पुन्हा मागे-पुढे केलं तर पत्रा तुटतो. डाग देताना २५ वॉटचं सोल्डरिंग पेन कमी पडतं, कारण पितळ उष्णता चटकन पसरवतं. ४० ते ६० वॉटचं घ्या. जवळच आधी दिलेला डाग सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवा. काम झालं की फ्लक्सचा (डाग धरावा म्हणून लावलेल्या रसायनाचा) मागमूस राहू देऊ नका. गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश पुरे. फ्लक्स राहिला तर त्यावर रंग टिकत नाही.

प्लॅस्टिकची बाजू असेल तर सांध्यावर प्लॅस्टिक चिकटवायचं पातळ द्रावण ब्रशने सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. खिडकी उघडी ठेवून काम करा. पितळ आणि प्लॅस्टिकच्या सांध्याला अराल्डाइट बरं. ते बसेपर्यंत भाग सरळ करायला वेळ मिळतो.

छप्पर बाजूंना पक्कं जोडा आणि तळ चार स्क्रूंनी सुटा ठेवा, असं मी सुचवीन. छपराचा सांधा वरून ठळक दिसतो, तळाचा दिसत नाही. सांध्यात पुट्टी भरून घासली की छप्पर आणि बाजू एकजीव दिसतात.

खिडक्यांचे गज

या डब्याचा जीव खिडक्यांच्या आडव्या गजांमध्ये आहे. किटमधले साच्यातले गज बहुधा जाड असतात. ते कापून काढा आणि ०.२ ते ०.२५ मि.मी.ची पितळी तार घ्या. दोन्ही टोकं पकडींत धरून थोडी ताणली की तार सुतासारखी सरळ होते. एकेका खिडकीसाठी तुकडे कापू नका. बाजूच्या आतून अख्ख्या लांबीची एक तार सगळ्या खिडक्यांवरून न्या आणि दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर अराल्डाइटच्या ठिपक्याने धरा. तारांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून पातळ पत्र्याला कानशीने खाचा पाडून फणी करा आणि दोन्ही टोकांना तिचा आधार घ्या. संपूर्ण रांग एका रेषेत दिसते. हे काम घाईचं नाही, पण पुढे सगळ्यांची नजर इथेच थांबते.

दारांच्या दांड्यांसाठी ०.४ मि.मी.ची तार वापरा. सगळ्या दांड्या एकाच लाकडी ठोकळ्यावर वाकवा, म्हणजे मापं सारखी येतात. छपरावरचे वायुवीजक बसवण्याआधी पेन्सिलीने मधली रेघ आखून घ्या.

रंग

कोल्हापूरच्या पावसाळ्यात स्प्रे करू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. जून ते सप्टेंबर जोडकाम करा, रंग दसऱ्यानंतर. स्प्रेगन कशी चालवायची हे पाहायचं असेल तर गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत उभे राहा. मूर्तीवर रंग मारणारे हात कधी थबकत नाहीत. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू होतो आणि बाहेरच संपतो. डब्यालाही तेच करायचं. रंग दुधाइतका पातळ करा, दाब १५ ते २० पीएसआय ठेवा, आणि एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर द्या.

क्रम असा: राखाडी प्रायमर, मग फिकट निळा, फिकट राहायच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप, मग गडद निळा. टेप लावल्यावर तिच्या कडेवर पुन्हा एकदा फिकट निळाच फवारा आणि वाळू द्या. टेपखाली झिरपायचं ते याच रंगाचं झिरपतं, आणि गडद रंगाची कड धारदार येते. टेप गडद रंग पूर्ण कडक होण्याआधी काढा. छप्पर वेगळं झाकून राखाडी रंगवा, तळ आणि बोग्या काळसर, त्यावर ब्रेकच्या धुळीचा तांबूस हात.

अक्षरं, काचा, पहिली फेरी

पाण्याने बसणारे डेकल (अक्षरांचे छापील पातळ पापुद्रे) चकचकीत पृष्ठभागावरच नीट बसतात, म्हणून आधी ग्लॉस वार्निश, मग डेकल, शेवटी मॅट. डब्याचा क्रमांक मनाने टाकू नका. पहिले दोन अंक बांधणीचं वर्ष सांगतात आणि शेवटचे तीन अंक प्रकार. स्लीपरला २०१ ते ४०० मधले येतात, साध्या जनरल डब्याला ४०१ ते ६००. तुम्ही ठरवलेल्या काळाशी हे वर्ष जुळलं पाहिजे. गाडीच्या शेवटच्या डब्याच्या मागे पिवळी फुली येते.

काचेसाठी ओएचपी शीटच्या लांब पट्ट्या गजांच्या मागे लावा, शौचालयाच्या खिडक्यांना दुधी प्लॅस्टिक. फेविक्विक इथे अजिबात नको, त्याच्या वाफेने पारदर्शक शीट धुरकट होते. फेविकॉल चालतं, आणि चुकून बाहेर आलं तर ओल्या कापसाने पुसता येतं.

आतले बर्थ वरवरचे केले तरी चालतात, पण असायला हवेत, नाहीतर खिडकीतून आरपार दिसतं. खऱ्या डब्यात ९ कप्पे आणि ७२ बर्थ आहेत. एका कप्प्याचा कागदी नमुना करून तोच कापत जा.

तळ स्क्रूंनी बसवा, कपलरची उंची जवळच्या दुसऱ्या डब्याशी जुळवा, आणि आधी इंजिनाने ओढून, मग मागून ढकलून पाहा. ढकलताना वळणावर बफर एकमेकांत अडकत असतील तर कपलर अर्धा मिलिमीटर पुढे आणा. पुरेसं अंतर सापडलं की ते लिहून ठेवा. एका गाडीला असे सात-आठ डबे लागतात. पुढच्या डब्यांचे गज, दांड्या आणि बोग्या एकत्रच तयार करा, क्रमांक मात्र प्रत्येकाचा वेगळा.