विकीचं बिऱ्हाड हलवताना: डॉक्युमेंटेशनमधून ओपन सोर्समध्ये येणाऱ्यांसाठी

जरा जुना ओपन सोर्स प्रकल्प घ्या. त्याच्या इश्यूंच्या, म्हणजे नोंदवलेल्या कामांच्या, यादीत एक काम हमखास धूळ खात पडलेलं असतं: विकीवरचं डॉक्युमेंटेशन नव्या साइटवर न्यायचं. कोड लिहिणाऱ्यांना त्यात गोडी नसते आणि नवख्याला ते कॉपी-पेस्टचं वाटतं. ब्लेंडर आणि क्रिटा या चित्र-ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरांची मॅन्युअलं मीडियाविकीवरून (विकिपीडियामागचं सॉफ्टवेअर) स्फिंक्स या फाइलींतून साइट बनवणाऱ्या साधनावर गेली. जेंकिन्स या प्रकल्पानेही कॉन्फ्लुएन्स या सॉफ्टवेअरवरची विकी मागे सोडली आणि प्लगिनांची (जोड-सॉफ्टवेअरांची) माहिती त्या त्या प्लगिनच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, नेली. अशा कामात मजकुराचं रूपांतर हा सगळ्यात स्वस्त भाग असतो. वेळ खातात ते जुने पत्ते, आणि काय सोबत न्यायचं नाही याचे निर्णय.

इथे मीडियाविकीवरून एमकेडॉक्सवर, म्हणजे गिटमधल्या (गिट फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवतं) मार्कडाउन फाइलींवर (साध्या खुणा घातलेला मजकूर, त्यातून एमकेडॉक्स साइट बनवतं) जायचं असं धरलं आहे. स्फिंक्स, ह्यूगो किंवा डॉक्युसॉरस यांपैकी तसंच दुसरं साधन निवडलं तरी बहुतेक अडचणी त्याच. जिथे वेगळ्या आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

आधी मोजदाद

पहिला आठवडा एकही पान रूपांतरित करू नका. स्प्रेडशीट उघडा आणि रकाने करा: पानाचं नाव, शेवटचा बदल कधीचा, किती पानं याच्याकडे दुवा देतात, निर्णय, नवा मार्ग, कोणाला विचारायचं. निर्णयाचे पर्याय चारच ठेवा: न्यायचं, दुसऱ्या पानात मिसळायचं, जुन्या आवृत्तीचं म्हणून जपून ठेवायचं, टाकून द्यायचं. पाचवा 'बघू' नावाचा पर्याय ठेवला की निम्मी पानं त्यातच जाऊन बसतात.

यादीचा कच्चा माल मीडियाविकीच्या विशेष पानांवर तयार मिळतो: सगळी पानं, पोरकी (कुठूनच दुवा नसलेली) पानं, सगळी पुनर्निर्देशनं (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणाऱ्या नोंदी), दुहेरी पुनर्निर्देशनं, न वापरलेल्या फाइली, सर्वाधिक दुवे असलेली पानं. किती वाचलं जातं हे मात्र तिथे शोधत बसू नका. पानं किती वेळा बघितली गेली हे मोजणारी सोय २०१५ साली १.२५ आवृत्तीत मूळ मीडियाविकीतून काढली गेली. वेब सर्व्हरचे लॉग मागा, तीन महिन्यांचे मिळाले तरी चालतील. पोरकं पान म्हणजे निरुपयोगी पान असं समजू नका. एखाद्या एरर मेसेजमध्ये कोडनेच त्या पानाचा पत्ता दिलेला असू शकतो, आणि ते विकीला कुठून कळणार? म्हणून प्रकल्पाच्या सगळ्या रिपॉझिटरींत विकीचा डोमेन शोधा आणि जे सापडेल त्याला यादीत वेगळी खूण करा.

मजकूर बाहेर काढायला एक्सएमएल डंप (सगळ्या पानांची एकत्र फाइल) घ्यायचा. तो दोन प्रकारे घ्या: फक्त चालू आवृत्त्यांचा कामासाठी आणि पूर्ण इतिहासासह एक जपून ठेवायला. चित्रं या डंपमध्ये येत नाहीत. ती सर्व्हरवरच्या 'इमेजेस' फोल्डरमध्ये असतात, फाइलच्या नावाच्या एमडी५ हॅशमधली (नावावरून काढलेल्या सांकेतिक मालिकेतली) पहिली एक-दोन अक्षरं घेऊन केलेल्या उपफोल्डरांत. 'थंब' हे उपफोल्डर घेऊ नका. त्यातल्या लघुचित्रांनी रिपॉझिटरी उगाच फुगते.

रूपांतर: दहा वाईट पानं आधी

पॅनडॉक हे यातलं मुख्य साधन. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने २००६ साली ते सुरू केलं आणि आजही याला फारशी तोड नाही. इनपुट मीडियाविकी, आउटपुट गिटहब पद्धतीचं मार्कडाउन. साधं पान सेकंदात होतं. पण म्हणून सगळं एका दमात घालू नका. दहा पानं निवडा, तीही मुद्दाम वाईट: सर्वांत मोठा तक्ता असलेलं, साच्यांनी (टेम्प्लेट, म्हणजे दुसऱ्या पानावरून आयता येणारा मजकूर) भरलेलं, भाषांतरित, चित्रांचं. ती दहा हाताने नीट करायला लागलेला वेळ हाच पुढच्या अंदाजाचा आधार.

पहिलं काय मोडतं? साचे. विकीत दुहेरी महिरपी कंसात लिहिलेला साचा पॅनडॉक उलगडत नाही, कारण त्याची व्याख्या दुसऱ्या पानावर असते आणि ते पान त्याच्यासमोर नसतं. तुमच्या हाती दोन वाटा आहेत. विकीच्या एपीआयकडून (प्रोग्रामांनी माहिती मागायची सोय) साचे आधी उलगडून घ्यायचे, किंवा विकीने तयार केलेलं एचटीएमएल घेऊन ते मार्कडाउनमध्ये आणायचं. दोन्हीत अर्थ हरवतो. समजा 'इशारा' नावाचा साचा होता. उलगडल्यावर त्याचा उरतो पिवळ्या पार्श्वभूमीचा एक तक्ता आणि त्यात एक चित्र. नव्या साइटला हा इशारा आहे हे कळायचा मार्गच राहत नाही. म्हणून सर्वाधिक वापरलेले वीसेक साचे आधी एका छोट्या पायथॉन स्क्रिप्टने हाताळा. सूचना आणि इशारे एमकेडॉक्सच्या चौकटीत बसवा: ओळीच्या सुरुवातीला तीन उद्गारचिन्हं, मग प्रकार, आणि खालचा मजकूर चार स्पेस आत. प्रत्येक पानाच्या तळाशी येणारी दिशादर्शक पेटी सरळ उडवा, ते काम आता मेनूचं. उरलेले साचे मग एपीआयकडून उलगडून घ्या.

तक्त्यांत एकमेकांत विलीन केलेले कप्पे असतील तर मार्कडाउनच्या उभ्या रेघांच्या तक्त्यात ते बसत नाहीत. पॅनडॉक तिथे निमूट एचटीएमएल तक्ता देतो. एमकेडॉक्सला ते चालतं. ह्यूगो मात्र ०.६० आवृत्तीपासून मार्कडाउनमधलं कच्चं एचटीएमएल सेटिंग बदलल्याशिवाय दाखवत नाही, त्यामुळे तक्ता गायब होतो आणि बिल्ड (फाइलींतून साइट तयार करणं) मात्र यशस्वी! डॉक्युसॉरस याच्या उलट: एखादा सुटा महिरपी किंवा टोकदार कंस दिसला की बिल्डच थांबवतो. माझ्या मते थांबवणारं बरं.

याद्यांकडे बारकाईने बघा. विकीत क्रमांकाच्या यादीत मध्येच कमांडचा ठोकळा आला की यादी तुटते आणि पुढचा आकडा पुन्हा १ पासून सुरू होतो. त्यामुळे स्थापनेच्या पाच पायऱ्या १, २, १, १, २ अशा दिसतात. एमकेडॉक्समागच्या पायथॉन-मार्कडाउनला आतली यादी किंवा ठोकळा चार स्पेस आत हवा असतो. दोन-तीन स्पेस दिले की उपयादी सपाट होऊन वरच्या यादीत मिसळते. गिटहबवरच्या पूर्वदृश्यात सगळं ठीक दिसतं, साइटवर मोडतं. तेव्हा तपासणी नेहमी स्थानिक बिल्डवर करा.

फाइलींची नावं हा वेगळाच ताप. मीडियाविकीत पहिलं अक्षर सोडलं तर लहान-मोठ्या लिपीने पान बदलतं. विंडोज आणि मॅकच्या नेहमीच्या फाइलप्रणालीत ती दोन पानं एकाच फाइलवर येतात आणि दुसरं पहिल्याला गिळतं. शीर्षकातला अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह विंडोजला चालतच नाहीत, गिट क्लोनच अडतं. स्क्रिप्टमध्ये टक्कर तपासा आणि नवा मार्ग स्प्रेडशीटमधूनच घ्या, आयत्या वेळी बनवू नका.

पत्ते

जुना पत्ता दोन रूपांत फिरत असतो: 'विकी' नंतर शीर्षक असलेला, आणि 'इंडेक्स डॉट पीएचपी' नंतर क्वेरीत (पत्त्यातल्या ? नंतरच्या भागात) शीर्षक असलेला. दुसरं रूप बहुतेक जण विसरतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये मार्गावरून केलेला नियम क्वेरीला लागू होत नाही, तिथे शीर्षक वेगळं वाचावं लागतं. शिवाय ते टक्केवारीच्या सांकेतिक रूपात जसंच्या तसं मिळतं, उलगडून नाही. गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेवर सर्व्हरचे नियमच नसतात. तिथे एमकेडॉक्सचा रीडायरेक्ट प्लगिन प्रत्येक जुन्या मार्गावर वाचकाला पुढे ढकलणारं छोटं पान ठेवतो. क्वेरीच्या पत्त्यांना त्याचा उपयोग नाही. म्हणून जुना डोमेन आणि त्यामागचा साधा सर्व्हर किमान काही वर्षं हातात ठेवा.

चाचणीच्या काळात ३०२ (तात्पुरतं पुनर्निर्देशन) वापरा आणि खात्री पटल्यावरच ३०१ (कायमचं) करा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. चुकीचा गेला तर दुरुस्तीनंतरही लोकांना जुनीच चूक दिसत राहते. आणि जुना डोमेन रोबॉट्स फाइलने (सर्च इंजिनांनी काय वाचू नये हे सांगणारी फाइल) बंद करू नका, नाहीतर सर्च इंजिनला पुनर्निर्देशन दिसणारच नाही.

आता सगळ्यांत चिवट प्रकरण: पत्त्यातल्या # नंतरचा भाग. तो ब्राउझरपाशीच राहतो, सर्व्हरकडे कधी जातच नाही. म्हणजे सर्व्हरवर कितीही नियम लिहा, पानाच्या आतल्या विभागाकडे नेणारा दुवा त्याने दुरुस्त होत नाही. विकीचे अँकर (पत्त्यात # नंतर येणारं विभागाचं नाव, म्हणजे आयडी) मोठी अक्षरं आणि अंडरस्कोर जपतात, मार्कडाउनची साधनं सगळं लहान करून हायफन घालतात. उपाय एकच: ज्या विभागांना बाहेरून दुवे आहेत त्यांच्या शीर्षकापुढे जुना आयडी स्पष्ट लिहायचा, त्यासाठी ॲट्रिब्यूट लिस्टचं एक्स्टेन्शन चालू करायचं. सगळ्या शीर्षकांना करत बसू नका. कोडमध्ये, इतर पानांत आणि पॅकेजांच्या वर्णनांत सापडलेल्या दुव्यांपुरतंच करा.

मराठी पानं असतील तर इथे आणखी एक खोच आहे. पायथॉन-मार्कडाउन मुळात फक्त आस्की अक्षरं (रोमन अक्षरं, आकडे वगैरे) ठेवतं, त्यामुळे मराठी शीर्षकाचा अँकर नुसता अंडरस्कोर आणि आकडा होतो. वर एखादा विभाग घातला की खालचे सगळे आकडे सरकतात. युनिकोडचा पर्याय चालू केला तर 'बांधणी'चं 'बधण' आणि 'सूचना'चं 'सचन' होतं, कारण पायथॉनची रेग्युलर एक्स्प्रेशन्स (मजकुरातले नमुने शोधायची सोय) काना-मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाहीत. मराठी पानांवर आयडी हाताने, रोमन लिपीत द्या. फाइलींची नावंही तशीच. देवनागरी पत्ता कॉपी केला की दर अक्षरामागे नऊ चिन्हं होतात. आणि 'दुसऱ्या'तला ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे, आणि नेहमीच्या युनिकोड प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. एखादा दुवा बरोबर दिसतोय तरी सापडत नाही, तर आधी तिथे बघा.

भाषांतराचं एक्स्टेन्शन वापरलेल्या विकीत मजकुरात 'टी' आणि क्रमांक असलेल्या टिप्पण्या पेरलेल्या असतात. त्या पुसण्याआधी मूळ आणि अनुवादित परिच्छेदांच्या जोड्या त्यांच्याच आधारे काढून घ्या. त्या पुसल्या गेल्या की कोणतं वाक्य कशाचं भाषांतर हे पुन्हा हाताने जुळवत बसावं लागतं.

परवाना, कुलूप आणि तुमचे पुल रिक्वेस्ट

विकीचा परवाना बघा. कोड एमआयटी परवान्याखाली आणि विकी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश-समवितरणाखाली, असं सर्रास असतं. अशा वेळी डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरात वेगळी परवाना फाइल हवी आणि लेखकांचं श्रेयही. इतिहास गिटमध्ये आणता येतो, पण विकीवर नुसती सदस्यनावं दिसतात, ईमेल नाहीत, तेव्हा ओळखी जुळवणं हेच मोठं काम होतं. बऱ्याच प्रकल्पांना संपादकांची यादी देणारं एक पान आणि जपलेला पूर्ण डंप पुरेसा असतो. हा निर्णय मेंटेनरांना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) घेऊ द्या.

विकी वाचनापुरती करायला सेटिंगची एकच ओळ लागते. ती शेवटच्या डंपाआधी टाका, आणि निदान दोन आठवडे आधी विकीच्या साइटसूचनेत तसं जाहीर करा. दोन्हीकडे संपादन चालू ठेवलं तर महिन्याभरात दोन सत्यं तयार होतात. विकीवर गपचूप टायपो सुधारणाऱ्या लोकांना गिट येत असेलच असं नाही. प्रत्येक पानावर 'हे पान सुधारा'चा दुवा पहिल्या दिवसापासून चालू हवा.

नवख्याचे पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) अडकतात ते बहुधा आकारामुळे. एकात दहा-पंधरा पानांपेक्षा जास्त नको. यांत्रिक रूपांतराचा कमिट (गिटमधली बदलाची नोंद) वेगळा आणि तुम्ही केलेली भाषेची दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये. एकत्र केलं तर तपासणाऱ्याला तुमचं वाक्य कुठलं आणि पॅनडॉकचं कुठलं हेच कळत नाही. जुनी माहिती चुकीची आढळली तर ती हलवता हलवता सुधारू नका, इश्यू उघडा. बिल्ड 'स्ट्रिक्ट' पर्यायाने चालवा, म्हणजे तुटलेला अंतर्गत दुवा नुसता इशारा न राहता चूक ठरतो. एमकेडॉक्स १.६ पासून अँकरही तपासता येतात, पण ती तपासणी सेटिंगमध्ये चालू करावी लागते.

बायोडेटात 'डॉक्युमेंटेशन स्थलांतरात सहभाग' असं लिहिण्यापेक्षा तुमची रूपांतराची स्क्रिप्ट, पुनर्निर्देशनांचा तक्ता आणि निर्णयांची स्प्रेडशीट यांचे दुवे द्या. तांत्रिक लेखनाच्या मुलाखतीत एखादं पान का टाकून दिलं यावरच जास्त बोलणं होतं.

साइट चालू झाल्यावर महिनाभर ४०४चा (पान न सापडल्याचा) लॉग रोज काढा आणि पत्त्यानुसार मोजून उतरत्या क्रमाने लावा. वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधणारे बॉट सगळ्यात वर दिसतील, ते गाळा. त्याखाली जे जुन्या विकीचे पत्ते उरतात, त्यांचे रेफरर (वाचक कुठल्या पानावरून आला) बघा: एकाच ठिकाणाहून पाच-सहा वेळा येत असतील तर तिथल्या लोकांना नवा पत्ता कळवा, आणि तोवर पुनर्निर्देशनांच्या तक्त्यात एक ओळ वाढवा.