जुनी डिझेल सिएरा पहिली गाडी म्हणून घेताय? या चुका टाळा

पहिलीच गाडी म्हणून जुनी टाटा सिएरा घ्यायची इच्छा असेल, तर मी तुम्हाला अडवणार नाही. १९९१ मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) पुण्यात बनवायला घेतलेली ही तीन दारांची गाडी आजही रस्त्यावर मान वळवायला लावते. छतापर्यंत वळत गेलेल्या मागच्या मोठ्या काचा, त्या काळी अपूर्वाईच्या पॉवर विंडो आणि बॉनेटखाली १९४८ सीसीचं साधं डिझेल इंजिन. टर्बो नंतर आला. सुरुवातीच्या गाड्यांत तोही नाही, सेन्सरही नाहीत. २०२५ च्या अखेरीस त्याच नावाची नवी गाडी आल्यापासून जुनीचं नाव पुन्हा चर्चेत आहे, आणि डिझेल इंजिन कसं चालतं हे हाताने शिकायचं असेल तर हिच्याइतकी चांगली गाडी मला माहीत नाही.

पण हौसेने घेतलेल्या अशा कितीतरी गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभ्या दिसतात. दुरुस्त न होण्याइतकं त्यांत काही बिघडलेलं नसतं. कामं उलट्या क्रमाने केलेली असतात, पैसे संपतात आणि गाडी खोललेल्या अवस्थेत राहते. म्हणून माझं सांगणं एकच आहे : चालती गाडी घ्या, आणि काम सुरू असेपर्यंत ती चालतीच ठेवा. पुढच्या बहुतेक चुका हे न पाळल्यामुळे होतात.

कागद नंतर बघू

पहिली गाडी घेणारा माणूस आधी बॉनेट उघडतो. आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, उघडा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. सिएरा आता सगळ्याच २० वर्षांच्या पुढच्या आहेत, आणि २०२५ च्या नव्या दरांनुसार इतक्या जुन्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये आहे. शिवाय पर्यावरण कर, उशिराचं शुल्क आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. मालकाने मुदत संपूनही वर्षानुवर्षं काही केलं नसेल तर हा खर्च तुमच्या माथी येतो, तो किमतीतून वजा करून घ्या.

परिवहन खात्याच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, बोजा आहे का, चलनं किती थकली आहेत हे पाहा. जुन्या कर्जाचा बोजा तीस वर्षांनीही आरसीवर तसाच सापडतो; कर्ज फिटलं असलं तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) आणून देणं विकणाऱ्याचं काम आहे, ते सौदा होण्याआधी व्हायला हवं. मग चासी नंबर आणि इंजिन नंबर टॉर्च लावून स्वतः वाचा. सुमो, इस्टेट, २०७ पिकअप आणि सिएरा यांची इंजिनं एकाच घराण्यातली असल्याने कधीतरी दुसरं इंजिन बसवलेलं असतं. ते यांत्रिकदृष्ट्या उत्तम चालेल, पण आरसीवर नोंद नसेल तर पासिंगच्या वेळी गाडी अडेल. चासी नंबर खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथून परत फिरा. कितीही स्वस्त असो.

‘व्हिंटेजमध्ये टाकू’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी. पहिली सिएरासुद्धा २०४१ पर्यंत त्यात बसत नाही. आणि दिल्लीकडे प्रवासाचा बेत असेल तर हेही ध्यानात ठेवा : राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

इंजिनाला भुलणं आणि पत्र्याकडे न बघणं

या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक यांचं सामान सुमो आणि २०७ मुळे मिळतं. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चिकाटीने फिरलात तर बहुतेक गोष्टी हाती लागतात. मिळत नाही ते सिएराचं स्वतःचं : मागच्या वळणदार काचा, त्यांचे रबर, दिवे, दारांचे आणि डॅशबोर्डचे भाग. थकलेलं इंजिन आणि निरोगी बॉडी असलेली गाडी, गुळगुळीत इंजिन आणि कुजलेला पत्रा असलेल्या गाडीपेक्षा नेहमीच चांगला सौदा आहे. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण इंजिनाचा आवाज ऐकू येतो आणि गंज कार्पेटखाली असतो.

मागच्या काचांचे रबर कडक झाले की पावसाचं पाणी आत झिरपतं आणि फ्लोअरवर साचतं. कार्पेट उचलायला मालक नाही म्हणाला तर कारण तिथेच आहे. चाकांच्या कमानी, दारांची खालची कड, बॅटरीखालचा पत्रा आणि चासीवर बॉडी जिथे बोल्टने बसते त्या जागा तपासा. पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक सोबत ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबीचा (पुटीचा) थर आहे. कोकणपट्टी, मुंबई किंवा गोव्यात आयुष्य गेलेली गाडी खालून जास्त बारकाईने बघावी. सोलापूर-मराठवाड्याकडच्या गाडीचा पत्रा बहुधा बरा असतो, पण उन्हाने रबर आणि प्लास्टिक गेलेलं असतं.

गरम इंजिनावर सौदा

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेट घेतं. त्या काळातल्या अशा इंजिनांत हवा साधारण २२ पट दाबली जाते, म्हणून कॉम्प्रेशन घसरलं की पहिला त्रास सकाळच्या थंड स्टार्टला होतो. मालकाने तुम्ही येण्याआधी गाडी तापवून ठेवली असेल तर नेमकं हेच लपतं. सकाळी लवकर जा, आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या.

हीटर प्लगचा (थंड इंजिन उठावं म्हणून आधी तापणाऱ्या प्लगचा) दिवा विझल्यावर सेल्फ मारा. दोन-तीन सेकंदांत गाडी उठली, थोडा पांढरट धूर येऊन तो मिनिटभरात निघून गेला, तर उत्तम. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करा. झाकण थडथड उडत असेल आणि भकाभक वाफ येत असेल तर रिंग-बोअर (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती) झिजले आहेत. सौदा पुढे न्यायचा असेल तर डिझेलच्या गेजने कॉम्प्रेशन मोजून घ्या. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे एकाच मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

सकाळी उठत नाही म्हणून थेट पंप काढणं

जुन्या डिझेलवर सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो इथे. गाडी सकाळी अडते, मेकॅनिक म्हणतो डिझेल दाबाने पाठवणारा पंप गेला, पंप आणि डिझेल फवारणारे नोझल दुरुस्तीच्या लॅबमध्ये जातात, मोठं बिल येतं आणि सकाळी गाडी पुन्हा तशीच. कारण बहुतेक वेळा साधं असतं.

आधी वीज. बॅटरीचे टर्मिनल घासा आणि इंजिनापासून बॉडीकडे येणारी अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत करा. सेल्फ हळू फिरला तर निरोगी इंजिनसुद्धा पेटणार नाही. मग हीटर प्लग. वायर काढून मल्टिमीटरने प्रत्येक प्लगचा रोध बघा. चांगल्या प्लगचा एक ओमच्या आसपास किंवा कमी येतो, मेलेल्या प्लगवर मीटर तुटलेलं सर्किट दाखवतो. प्लग ठीक असले तरी त्यांच्यापर्यंत १२ व्होल्ट पोचतात का तेही बघा, कारण अनेकदा रिले गेलेला असतो.

मग एअर. गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते, डिझेल लाइनवरचा हातपंप मारला की पुन्हा उठते, दिवसभर नीट चालते आणि रात्रीनंतर परत तेच : ही डिझेल लाइनने एअर घेतल्याची खूण. बाहेर थेंबभरही डिझेल दिसत नाही, कारण टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. एक सोपी परीक्षा करा. रात्री गाडीचं तोंड उताराकडे ठेवून लावा. सकाळी ती पटकन उठली तर डिझेल रात्रीत टाकीकडे परत जात होतं हे नक्की. त्यानंतर पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप टाकून बुडबुडे बघा. पंपाची आत येणारी आणि परत जाणारी नळी स्वच्छ डिझेलच्या डब्यात सोडून गाडी चालवून पाहिलीत आणि ती सुरळीत चालली, तर दोष डब्यामुळे वगळल्या गेलेल्या भागात आहे : टाकीतली नळी, गंजलेला पाइप, रबर होज, फिल्टरचं सील, तांब्याचे वॉशर. नोझलवरचे बारीक ओव्हरफ्लो पाइपही चिरतात आणि कोणी त्यांच्याकडे बघत नाही. हे सगळं नवं टाकायला येणारा खर्च पंपाच्या कामापुढे किरकोळ आहे.

दोन-तीन वर्षं उभी असलेली गाडी असेल तर यापैकी काही करण्याआधी टाकी उतरवा. दमट हवेत टाकीत पाणी धरतं, त्या पाण्यात काळपट चिकट शेवाळासारखा थर वाढतो आणि नवा फिल्टर चार दिवसांत तुंबतो. टाकी धुतल्याशिवाय ते जुनं डिझेल पंपातून फिरवू नका, त्यात रॉकेल तर कधीच मिसळू नका. अशा पंपांचे आतले भाग डिझेलच्याच वंगणावर फिरतात आणि रॉकेलला तो चिकटपणा नसतो.

गळती शोधताना नोझलच्या पाइपजवळ बोट नेऊ नका. शंभरावर बारच्या दाबाची धार कातडीतून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची वेळ आणते. असं झालं तर घरगुती उपाय न करता लगेच हॉस्पिटलमध्ये जा आणि डिझेल दाबाने आत गेलं आहे असं स्पष्ट सांगा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

‘आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅट कशाला?’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. नाही म्हणा. थर्मोस्टॅट नसलेलं डिझेल चालण्याच्या तापमानाला उशिरा येतं, धूर करतं, जास्त पितं आणि बोअर लवकर झिजवतं. आणि गाडी खरंच तापत असेल तर मूळ दुखणं दुसरीकडे आहे : वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरल्याने रेडिएटर आणि ब्लॉकमध्ये गंजाचा गाळ बसलेला असतो. रेडिएटर उघडून साफ करून घ्या, ब्लॉक उलट्या दिशेने धुवा, होज बदला, डिस्टिल्ड वॉटरसोबत कूलंट भरा आणि नवा थर्मोस्टॅट बसवा. मूळ तापमानाचा काटा चालू नसेल तर तो आधी चालू करा. घाटात एकदा तापलेलं हेड वाकतं किंवा व्हॉल्व्हच्या मध्ये चिरतं. हेड उतरलंच तर फेसिंगआधी (ते घासून सपाट करण्याआधी) प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि गॅसकेटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून ठरवायला सांगा, अंदाजाने नको.

पिकअपसाठी पंपाचा स्क्रू फिरवणं

सुरुवातीच्या, टर्बो नसलेल्या सिएराला ७० अश्वशक्तीसुद्धा नव्हती. ती सावकाश चालणारी जड गाडी आहे आणि तिला तशीच चालवण्यात मजा आहे. डिझेल वाढवून पिकअप काढला की काळा धूर येतो, एक्झॉस्टचं तापमान वाढतं आणि पीयूसीत गाडी नापास होते. इतक्या जुन्या डिझेलसाठी धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराची दाटी मोजायचं एकक) आहे. काळा धूर आधीच येत असेल तर प्रथम एअर फिल्टर, मग नोझल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल फवारण्याचं टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा हेड गॅसकेट तपासा.

टर्बो गाडी घेतलीत तर एक गोष्ट पाठ असू द्या. टर्बोचं सील फुटून किंवा ऑइल जास्त भरल्याने इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटू शकतं, आणि चावी काढूनही बंद होत नाही. अशा वेळी वरचा गिअर, ब्रेक घट्ट, आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद करा. उभ्या गाडीत हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबता येते. हात लावू नका.

रंग आधी, ब्रेक नंतर

ज्याच्या हातात नुकतं लायसन्स आलंय त्याने पहिला पैसा ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरवर घालावा. गाडीत एबीएस नाही, एअरबॅग नाहीत. डिझेल इंजिन पेट्रोलसारखं व्हॅक्यूम तयार करत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी वेगळा पंप असतो आणि आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. पेडल दगडासारखं कडक लागलं तर ब्रेक शू बदलण्याआधी तो पंप आणि त्याची नळी तपासा. टायरची नक्षी भरपूर दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा. ‘३४१५’ म्हणजे २०१५ चा ३४ वा आठवडा, असा टायर काढून टाका.

त्यानंतर कूलिंग, डिझेल लाइन, वायरिंग, मग गरज असेल तरच इंजिन. एका वेळी एकच काम खोला आणि गाडी चालवून बघितल्याशिवाय पुढचं उघडू नका. काढलेले नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा, खोलण्याआधी फोटो काढा. जुना भाग कितीही खराब असला तरी नवा बसून गाडी फिरेपर्यंत भंगारात देऊ नका, कारण सिएराच्या बाबतीत तोच नमुना घेऊन तुम्हाला नाना पेठेत जावं लागणार आहे. डेंटिंग-पेंटिंग एक पावसाळा गाडी चालवून झाल्यावर करा. पाणी कुठून येतं ते तोवर कळलेलं असतं, आणि काचांचे रबर बदलूनच गाडी रंगाला नेता येते.