पंपाचा दांडा आणि माझी साडेचारशे पानं

कॉलऱ्याच्या इतिहासावरचं माझं पहिलं हस्तलिखित साडेचारशे पानांचं होतं. अख्खं लिहून झाल्यावरच ते प्रकाशकाकडे धाडलं. आठ महिन्यांनी संपादकबाईंचं एका ओळीचं उत्तर आलं : ‘विषय कळला, प्रश्न कळला नाही.’ आठवडाभर मी धुमसत होते. पण बाईंचं खरं होतं.

कॉलरा हा नुसता विषय झाला. रोग पाण्यातून पसरतो हे पुराव्यानिशी मांडल्यावरही बहुतेक डॉक्टरांना ते पटायला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न. तो एका वाक्यात लिहून टेबलासमोर चिकटवा. काय ठेवायचं नि काय टाकायचं ते मग त्यालाच विचारायचं. माझी दीडशे पानं अशीच गेली. त्यातल्या चाळीसांवर माझा भारी जीव होता.

टिपण काढतानाच पुस्तक, आवृत्ती आणि पान नोंदवा. ‘नंतर शोधू’ म्हटलं की ते पान पुन्हा हाती लागत नाही. आणि मूळ कागद बघाच. १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पाण्याच्या पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, ही गोष्ट जिथे तिथे वाचायला मिळते. माझ्याही प्रकरणाचा शेवट तोच होता, चांगला नाट्यमय. मग स्नो यांचं १८५५चं लेखन उघडलं. ते स्वतःच सांगतात की पंप बंद होण्याआधीच रुग्ण खूप कमी झाले होते, त्यामुळे पंपाखालच्या विहिरीत तेव्हाही कॉलऱ्याचं विष होतं की पाणी आपोआप निवळलं होतं, हे ठरवता येत नाही. माझा शेवट गेला. पण डॉक्टरांना शंका घ्यायला जागा का होती, ते मला तिथे पहिल्यांदा उमगलं.

दुसऱ्या खेपेला मी पूर्ण पुस्तक पाठवलंच नाही. प्रस्ताव आणि दोन प्रकरणं, बस. प्रस्तावात तो प्रश्न, प्रत्येक प्रकरणाचा चार-पाच ओळींचा गोषवारा, वाचक कोण, शब्दसंख्या, चित्रं किती आणि संहिता कधी देणार एवढं हवं. ‘या विषयावर पुस्तकच नाही’ असं चुकूनही लिहू नका. संपादकाला तेवढ्यात दोन आठवतात. ती दोन तुम्हीच सांगा आणि आपलं वेगळं कुठे ते दाखवा. नमुना म्हणून प्रस्तावना नको. सगळ्यात किचकट प्रकरण द्या, कारण तुम्हाला ते पेलतं का हेच त्यांना बघायचं असतं.

करारात तीन गोष्टी शोधा. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर? पुस्तक छपाईबाहेर गेलं तर हक्क तुमच्याकडे कधी परत येतात? चित्रांच्या परवानग्यांचा खर्च कुणाचा? हा शेवटचा मी विचारला नव्हता. अकरापैकी चार चित्रं गाळावी लागली.

शेवटची सूची, म्हणजे कोणता शब्द कुठल्या पानावर आहे याची यादी, मात्र स्वतः करा. पानांचे आकडे पक्के झाल्याशिवाय ती होत नाही, म्हणून अगदी शेवटी, घाईत करावी लागते. ‘दांडा’ या शब्दाखाली माझी सहा पानं निघाली आणि त्यातल्या दोन ठिकाणी मी एकच गोष्ट सांगितली होती. एक कापली. पुढची पानं सरकू नयेत म्हणून तेवढ्याच नऊ ओळी नव्याने लिहिल्या, रात्री दीडला.