कॉन्ट्रा डान्स: हाक चार ठोके आधी द्या

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात रुजलेल्या कॉन्ट्रा या जोड्यांनी रांगेत करायच्या लोकनाचाची धून बहुतेकदा 64 ठोक्यांची असते. पुढची चाल सुरू झाल्यावर कॉलरने, म्हणजे चालींची हाक देणाऱ्याने, तिचं नाव घेतलं, तर सगळी रांग मागे पडते. बॅलन्स (हात धरून पुढे-मागे डोलणं) आणि स्विंग (जोडीने जागेवर गोल फिरणं) मिळून 16 ठोके. त्यातल्या 13 ते 16 या ठोक्यांतच पुढची हाक पूर्ण करा. हाकेत आधी ‘कोणी’ ते सांगा, मग ‘काय’: ‘शेजारी, स्विंग!’ नवख्याची नजर आधी माणूस शोधते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. रांग स्वतःहून वळू लागली की शब्द कमी करत गप्प व्हा, फिडल (व्हायोलिन) ऐकू द्या. रांगेच्या टोकाला थांबलेल्या जोडीवर मात्र डोळा ठेवा; परत आत शिरताना तीच गोंधळते.